बाल्कनीतलं स्टूल

नातीला सांभाळायला पद्मनाभराव नागपूरहून सर्जापूर रोडच्या फ्लॅटमध्ये आले, तेव्हा वीणाने हॉलमध्ये कॅमेरा बसवला. त्यांना त्याचा रागच यायचा. ऑफिसात बसलेल्या लेकीचा आवाज त्या कॅमेऱ्यातून यायचा, "बाबा, स्टूल बाल्कनीत राहिलंय. भव्या चढेल त्यावर."

ते मुकाट्याने स्टूल आत आणायचे. मग आवाज जरा मऊ व्हायचा. "तुम्ही जेवलात का?"

दिवसभरात त्यांच्याशी बोलणारं मोठं माणूस तेवढंच.

सोमवारपासून भव्या प्लेस्कूलला जायला लागली आणि कॅमेरा गप्प झाला. चार दिवस गप्पच.

शुक्रवारी भव्याला व्हॅनमध्ये बसवून पद्मनाभराव वर आले. स्टूल उचलून त्यांनी कॅमेऱ्यात दिसेल असं बाल्कनीच्या कठड्याला नेऊन लावलं. दुपारी ताट वाढून घेतलं आणि कॅमेऱ्यासमोर खुर्ची ओढून बसले. वरणभात गार झाला तरी त्यांनी घास घेतला नाही.

साडेतीनला इंटरकॉम वाजला. "सार, व्हॅन बंतु," वॉचमन कानडीत म्हणाला. व्हॅन आली होती.

भव्याला आणायला खाली जाण्याआधी त्यांनी स्टूल उचलून आत ठेवलं. कुणी न सांगता.