बांधलेला याक

मे महिन्यातल्या भर दुपारी पा-लांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मेंढीच्या कातड्याचा जाड कोट अंगात चढवून पाहिला. गोंदियाकडच्या आमच्या तिबेटी वसाहतीत रस्त्याचं डांबर वितळत होतं.

"काहून बाबाजी, थंडी वाजून रायली का?" कुंपणापलीकडून शेवंताबाईंनी विचारलं.

"इथं नाई जी, तिथं वाजते," पा-ला म्हणाले. "याक सोडायला जायचं आहे."

चिनी सैनिक तिबेटातल्या गावात शिरले त्या पहाटे नऊ वर्षांच्या पा-लांनी याक खुंट्याला बांधला होता. पळण्याच्या घाईत तो सोडायचा राहून गेला. पंच्याहत्तरीतही ते दर उन्हाळ्यात कोटाला ऊन दाखवत आणि मला सांगत, "दोर लांब होता. गवतापर्यंत तोंड पोचत असेल, नाही?"

"पोचत असेल, पा-ला," मी म्हणत असे.

कोट चढवून पाहिला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

लामा आले. "मेलेल्याला आपण मेलो हे कळत नाही," ते म्हणाले. "कुणीतरी सांगावं लागतं, नाहीतर तो घरातच घुटमळतो. रडू नकोस. तूच सांग, तुझं ऐकतील."

मी कोट त्यांच्या उशाशी ठेवला आणि कानाशी वाकले.

"पा-ला, याक केव्हाच मेला," मी म्हणाले. "आता तुम्हीही मेलात. सीमेवर कोणी अडवणार नाही. जा, सोडा त्याला."