पाहुणीची पेज

पृथ्वी तापतेय, त्यामुळे समुद्र वर चढतोय, हे सांगायला तळेऱ्याहून ऋता नावाची मुलगी आमच्या देवळात आली होती. झाडं राखा, नको तिथले दिवे-पंखे बंद करा, असं तिने नीट समजावलं. मग कागदात बघून म्हणाली, "नाहीतर आणखी तीस वर्षांनी किनाऱ्यावरच्या विहिरी खाऱ्या होतील. कोणाला काही सांगायचंय?"

चार माणसांत बोलणं मला जमत नाही. उन्हातान्हाची उपाशी कुठे जाईल, म्हणून तिला घरी आणलं आणि पेज वाढली.

साठ वर्षांपूर्वी मी या घरात आले, तेव्हा सासूबाई पाहुण्यांना पाण्याबरोबर गूळ देत नसत. आपल्या विहिरीचं पाणीच गोड, त्याला गूळ कशाला, म्हणायच्या.

ऋताने दोन वाट्या संपवल्या. "आजी, काय चव आहे हो! मीठ तर अगदी बेताचं."

"मीठ मी घालूक नाय गो, बाय," मी म्हटलं. "फकत विहिरीचा पाणी घातलंय."

तिने वाटी खाली ठेवली. मग पिशवीतून तो कागद काढला आणि त्यातली तीस वर्षं खोडली.