पहिली मूठ

एझराकाकांनी मलिद्याच्या ताटात हात घातला, तशी अस्मिताने मान खाली घातली. प्रार्थना आटोपली होती. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची. बेने इस्रायलांच्या, म्हणजे मराठी ज्यूंच्या घरी हा मलिदा प्रेषित एलियाहू हन्नाबीच्या नावाने होतो, आणि या घरची रीत अशी की पहिली मूठ प्रवासाला निघणाऱ्याची. आज निघायची होती अस्मिता.

तिचा नवरा बेनी हिवाळ्यात वारला. त्याच्या व्हिसावर ती इथे परदेशात राहत होती, त्याची मुदत आता संपली. संध्याकाळच्या फ्लाइटने ती नागपूरला, माहेरी. सासूबाई, सेगुलाबाई, इथल्या सिटिझन. त्यांना धाकटे दीर एझराकाका आपल्या घरी नेणार. सगळं पुरुषमंडळींनी परस्पर ठरवलं होतं. सासूबाई त्यावर चकार शब्द बोलल्या नव्हत्या. सकाळी तेवढा आपला जाड कोट त्यांनी शेजारणीला देऊन टाकला. श्रूजबरी गावच्या रस्त्यांवर बर्फाचे ढीग अजून तसेच होते. अस्मिताला वाटलं, दुःखाने यांचं भान सुटलंय.

एझराकाकांना मात्र बोलल्याशिवाय राहवेना. आमच्या शास्त्रातली रूथही हिच्यासारखी परजातीचीच, ते म्हणाले, पण नवरा मेल्यावर सासूला म्हणाली, तू जाशील तिथे मी येईन, तुझे लोक ते माझे लोक. आणि आजकालच्या सुना बघा. बॅग भरून तयार.

 इथे राहणं अस्मिताच्या हातात नव्हतं. आणि चला माझ्याबरोबर, असं सत्तरीच्या बाईला कुठल्या तोंडाने म्हणायचं?

तिने हात पुढे केला. त्याच्या शेजारी आणखी एक तळहात आला. सुरकुतलेला, बोटांवर खवणीचे ओरखडे असलेला.

"वहिनी, ही निघणाऱ्याची," काका म्हणाले. "तुम्हांला मागाहून."

तळहात हलला नाही.

अस्मिता त्यांच्याकडे वळली. "आई, नागपूरचं ऊन तुम्हांला सोसायचं नाही."

"इथला बर्फ सोसला की."

काकांची भरलेली मूठ ताटावरच थांबली. "अहो, पण तिथे आपलं आहे कोण?"

"हिचे लोक ते माझे लोक." सेगुलाबाईंनी हात आणखी पुढे केला. "रूथ एवढं बोलली, तेव्हा तिची सासू गप्पच राहिली, भावोजी. आज सासू बोलतेय. द्या ती मूठ इकडे."