उतरवलेली धडधड

माझी धाकटी जाऊ अंजू, तिला महिन्यातून दोनदा धडधड होते. हात थरथरतात, श्वास लागतो, सगळं घर धावतं. सासूबाई मीठ-मिरच्या ओवाळून तिची दृष्ट काढतात. तासाभरात ती चहा मागते.

माझी धडधड तीन वर्षांत एकदाही थांबलेली नाही. भाकरी थापताना, रिसोडच्या बाजारात मेथी विकताना, झोपेतसुद्धा. म्हणूनच माझ्या धडधडीचं कुणाला काही नाही.

"माही बी काढा ना दृष्ट," मी म्हणाले.

"जे येते ते उतरवता येते," सासूबाई म्हणाल्या. "तुही तं कधी जातच नाही. कायची उतरवू?"

त्या दुपारी संतापाने मी स्वतःच मीठ-मिरच्यांची मूठ भरली. सात वेळा अंगावरून उतरवली आणि चुलीत फेकली. मिरच्या तडतडल्या, पण ठसका कुणालाच लागला नाही.

धडधड थांबली.

आणि मांडणीवरची ताटं थरथरू लागली. एका लयीत, थांबता थांबेनात.

"एसटी गेली असंन," सासूबाई मेथी निवडत म्हणाल्या.

"रस्ता आठ दिवसापासून खोदून ठेवला हाये! कोनती एसटी?" मी ओरडले. "तीन वर्षं हेच सांगून राह्यली मी. आता तं ऐकू येते ना तुमाले?"

त्यांनी ताटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उठून माझ्या छातीवर हात ठेवला. बराच वेळ हात तसाच ठेवला.

"उज्ज्वला," त्या हळूच म्हणाल्या, "इथं तं कायीच नाही वाजून राह्यलं."