नत्थुजीची पेरणी

कौशल्याला रक्ताचा कॅन्सर निघाला, तेव्हा तिचा दीर नत्थुजी अकोल्याच्या दवाखान्यात एकदाही फिरकला नाही. उलट, ‘बाई काही दिवाळी पाहत नाही’ असं गावभर सांगून त्यानं मिरगात तिच्या पाच एकरांत खुशाल सोयाबीन पेरलं. विधवेचं वावर, आडवं कोण येणार?

इकडे तपासणीत कॅन्सरच्या पेशींतल्या जनुकाचा बिघाड सापडला आणि डॉक्टरांनी नेमकी त्याच बिघाडावर चालणारी गोळी सुरू केली. दुसऱ्याच महिन्यात रोग पार आटोक्यात आला. कौशल्यानं मात्र गावाला ताकास तूर लागू दिली नाही.

दर आठवड्याला नत्थुजीचा फोन यायचा. “कशी हाये तब्येत, वयनी?”

ती आधी गोळी गिळायची, मग जरा खोकायची. “माह्यं आता काई खरं नाई, भाऊजी. वावर तेवढं सांभाळजा.”

तो दुप्पट हुरूपानं राबायचा. डवरणी झाली, निंदण झालं, तीन फवारे झाले. शेंगा गच्च लागल्या.

शेंगा वाळल्याबरोबर कौशल्या एसटीनं गावाजवळच्या दर्यापूरला उतरली. कापणीला वीस बाया लावल्या. नत्थुजी विळा घेऊन पोचला तेव्हा अर्धं सोयाबीन सोंगून झालं होतं आणि वावराच्या कडेला धुऱ्यावर कौशल्या उभी होती, हातात स्वतःच्या नावाचा सातबारा. तो मागे वळला.

 

“चालले काहून, भाऊजी? आता हरभराही पेरून द्या. डॉक्टर म्हनते, गोळी अजून दोन वर्सं चालन.”