बदकापर्यंत

मासा.

दहाच्या ठोक्याला पाणी माशापर्यंत उतरलंच पाहिजे, असा बाईंचा नियम. बालवाडीतल्या सव्वीस बाटल्यांवर वरून खाली तीन चित्रं चिकटवलेली: मासा, बेडूक आणि तळाशी बदक. टाळ्यांच्या तालावर सगळी पोरं घटाघटा पितात. संडासाचं दार मात्र एकदाच उघडतं, साडेअकराला. किल्ली मावशींच्या कमरेला.

खिडकीच्या गजावर पिवळी चड्डी वाळतेय. तिची मालकीण चार वर्षांची. वर्गात तिला गळकी म्हणतात.

"परत ओली केलीस ना, तर तुलाच टांगेन तिथं," मावशी तिला म्हणतात. थट्टेतच. रोज धुऊन हातांची सालं निघाली की माणूस एवढं तर बोलणारच.

बेडूक.

त्या बोलण्याला आठवडा झालाय. गळकी खिडकीपाशी जाते. बाटली तिथल्या कुंडीत कलती करते. बरोबर बेडकापर्यंत, थेंबभर जास्त नाही. मग बाहीनं कोरडे ओठ पुसते.

मावशी दारातून बघतात. हाक मारायला तोंड उघडतात. गजाकडे नजर जाते. गज रिकामा. कालही रिकामा होता, परवाही.

मावशी तोंड मिटतात.

बदक.

शनिवारी बाई गळकीच्या डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट ठेवतात.

"ही आपली पाणीराणी! रोज बदकापर्यंत! आणि चड्डी?"

"कोरडी!" पंचवीस पोरं ओरडतात.

राणी हसते. खालचा ओठ चिरतो, रक्ताचा थेंब येतो. टाळ्या चालूच.

तळ.

राणी आठ दिवस आली नाही. नवव्या दिवशी तिची आई आली, दवाखान्यातून तडक.

"बाई, पोर इथं पाणी पीत होती का हो? लघवीला बसली की किंचाळते. ताप उतरत नाही. डॉक्टर म्हणतात, पाणीच नाही अंगात. घरी दिलं तर म्हणायची, शाळेत प्यायले."

"अहो, काय बोलताय? मुकुट मिळालाय तिला! मावशी, तुम्हीच सांगा."

मावशींनी किल्ली मुठीत धरली.

"बाटली रोज रिकामी असायची."

यात खोटं काहीच नव्हतं.

"ऐकलंत? आता घरी थोडी सवय लावा. सगळं आम्हीच करायचं का?"

आईनं मान खाली घातली. दाराकडे वळली. बाईही वळल्या, आणि खिडकीपाशी थबकल्या.

"अगं बाई! कुंडीतलं झाड पार मलूल झालं की. इतके दिवस पाणी कोण घालत होतं?"

आई उंबऱ्यातच थांबली.

"मीच," मावशी म्हणाल्या.