बाबांची सर्दी

स्टेजवर खुर्च्या चार होत्या आणि वाजवणारे तीन. क्लॅरिनेटची खुर्ची मुद्दामच ठेवली होती. तिच्या पाठीला उजवा हात लागला की अकॉर्डियनवाल्या मावशीला आपली जागा कळायची. मावशीच्या पलीकडे ढोलवाले काका, त्यांच्या पलीकडे ट्रंपेटवाला फुग्या. कोणालाच दिसत नव्हतं. क्लॅरिनेट वाजवणाऱ्या बाबांनाही दिसत नसे.

बाबांची मुलगी पहिल्या रांगेत कडेला बसली होती. मावशीचा फोन आला तेव्हा तिने सांगून टाकलं होतं, "मी येणार नाही. ती रिकामी खुर्ची मला बघवणार नाही."

"आम्हाला कुठे बघवणार आहे?" मावशी म्हणाली होती. "बरं, राहू दे."

तरी ती आली होती. आल्याचं मात्र कोणाला सांगितलं नव्हतं.

निवेदक माइक हातात घेऊन पुढे आला. नियतीने यांची दृष्टी हिरावून घेतली, पण यांची जिद्द, वगैरे वगैरे. टाळ्यांचा कडकडाट झाला. अजून एक सूरही वाजला नव्हता. बाबा या टाळीला आगाऊ टाळी म्हणायचे. दोन्ही अर्थांनी.

शेजारच्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला. "तुमचं कोणी आहे का हो यांच्यात?"

मुलीने नुसती मान हलवली. बोलली असती तर मावशीने आवाज ओळखला असता.

आज नीट वाजलं, तर दर रविवारी संध्याकाळी या हॉलमध्ये नाचायला येणाऱ्या लोकांसाठी हाच बँड, असं हॉलचा मॅनेजर म्हणाला होता. नाही वाजलं, तर आहेच पुन्हा वर्षातून एकदा, अपंगांच्या दिवशी, दोन भाषणांच्या मधे.

टाळ्या थांबल्या. काकांच्या काठ्या उचललेल्या, मावशीचा भाता अर्धा उघडलेला, फुग्याचे गाल टम्म. काकांनी तोंडाने मोजायचं आणि सगळ्यांनी सुरू करायचं, असं ठरलं होतं. घरी तसं जमलंही होतं. पण इथे टाळ्या थांबल्या आणि काकांचे ओठ मिटलेलेच राहिले. तिघं कशाची तरी वाट बघत होते. कशाची, ते त्यांनाही कळत नसावं.

कोणीतरी खोकलं. मागे खुर्ची सरकली.

"विसरले वाटतं बिचारे," बाई कुजबुजल्या.

निवेदक विंगेतून परत निघाला. चेहऱ्यावर समजूतदार हसू. आता तो माइक घेणार, पुन्हा एकदा टाळ्या मागणार, आणि मग हे तिघं वाजवतील कसले, उठून खाली उतरतील. मुलीला ते लख्ख दिसत होतं. ती खुर्चीच्या काठावर आली.

बाबा गेल्यापासून ती रडली नव्हती. रडायला समोर कोणीतरी लागतं. घरात शिरताना "मी आले" म्हणायची सवय तेवढी राहिली होती. कुलूप काढायची, म्हणायची, आणि मग पुढे काय करायचं ते न सुचून पायातल्या चपला न काढता तशीच उभी राहायची.

आता मात्र रडू आवरेना. डोळे भरले, नाक भरलं. रुमाल पिशवीच्या तळाशी होता. तिने जोरात नाक ओढलं.

ढोल दणाणला. त्याच क्षणी भाता सुटला, ट्रंपेट घुमलं. निवेदक जागच्या जागी थबकला.

'बाबा, रुमाल घ्या ना. चारचौघांत, प्रत्येक धुनेआधी काय ते नाक ओढता!' ती नेहमी म्हणायची. 'रुमाल घेतला तर सुरू कधी करायचं?' बाबा म्हणायचे. तिला ते त्यांचं नेहमीचं टोलवाटोलवीचं उत्तर वाटायचं.

पहिली धून संपली. टाळ्या झाल्या, तेवढ्यात मागची दोन जोडपी उठून मधल्या मोकळ्या जागेत आली. दुसऱ्या धुनेसाठी काठ्या उचलल्या गेल्या. मावशीने चेहरा वळवला. लोकांकडे नाही, पहिल्या रांगेच्या कडेला. आणि ती थांबली.

एव्हाना मुलीला रुमाल सापडला होता. तिने तो हातात धरला, मग पुन्हा पिशवीत टाकला. नाक ओढलं.

कार्यक्रम संपल्यावर मॅनेजर स्टेजवर चढला तो कपाळाला आठी घालूनच. "काका, रविवारी ढोल जरा आवरा. लोकांना एकमेकांशी बोलता येईना."

काकांचा चेहरा असा उजळला, की मॅनेजरला आपण काय बोललो याचाच प्रश्न पडला. इतक्या वर्षांत त्यांच्या वाजवण्याला कोणी नावं ठेवली नव्हती.

"आवरतो ना!" काका म्हणाले. "आवरतो की!"

"मला आवरा आधी," फुग्या म्हणाला. "किती वेळ गाल फुगवून बसवलंत! अजून जरा थांबला असतात तर फुटलो असतो."

मुलगी पायऱ्या चढून वर आली. रिकाम्या खुर्चीपाशी थांबली.

"मी आले," ती सवयीने म्हणाली.

"मघाशीच कळलं," मावशी म्हणाली.

काका ढोलाचे पट्टे सैल करत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "सर्दी झालीय का गं?"

"हो."

"औषध घेतेस?"

"नाही."

"घेऊ नकोस," काका म्हणाले. "रविवारपर्यंत तरी."